झिंगराजीचा डेबू

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर, अंगावर चिंध्यांचा झगा. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये दर वर्षी एक तरी गाडगेबाबा असायचाच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, तिथेही असायचा. पुढे ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव मिळालं, भिंतीभिंतीवर त्यांचं चित्र आलं, आणि गाडगेबाबा म्हणजे स्वच्छता हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

या अंकासाठी त्यांच्याविषयी वाचायला घेतलं तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढे आली. त्यांच्या हातात खराटा बराच नंतर आला. त्याच्या आधी, अगदी लहानपणी, त्यांच्या घरात दारू आली होती. तिने त्यांचे वडील नेले, घर मोडलं आणि एका आठ वर्षांच्या पोराला मामाच्या दारात नेऊन उभं केलं. तो पोरगा पुढे आयुष्यभर दारूशी भांडत राहिला. मित्रांनो, आपण हॉस्टेलमध्ये राहणारी मुलं-मुली. आपल्याला खराट्यापेक्षा ही गोष्ट जास्त जवळची आहे, असं मला वाटलं, म्हणून हा लेख.

गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावला. समाज परीट, म्हणजे धोबी. वडील झिंगराजी, आई सखूबाई. त्या काळी त्यांच्या समाजात, आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या कितीतरी समाजांत, देवाला बकरं कापायचं आणि सोबत दारू वाटायची अशी रीत होती. बारसं असो, लग्न असो, नवस असो, पाहुण्यांपुढे मटण आणि दारू ठेवली नाही तर यजमानाची नाचक्की व्हायची. या शब्दाकडे जरा लक्ष द्या : रीत. दारू पिणं म्हणजे काही वाईट करतोय असं कुणाला वाटतच नव्हतं. उलट जो नाही म्हणेल तो विचित्र ठरायचा.

झिंगराजी या रीतीतूनच व्यसनात सापडले. आधी सणावाराला, मग कधीही. तब्येत ढासळली, हातातलं सगळं गेलं आणि १८८४ च्या सुमारास ते वारले. चरित्रांमध्ये असं सांगतात, की शेवटच्या दिवसांत त्यांना फार पश्चात्ताप झाला आणि डेबूला या दारूपासून लांब ठेव असं त्यांनी सखूबाईंना बजावलं. तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आज आपण ज्याला तिसरीतला मुलगा म्हणू, तेवढा.

नवरा गेल्यावर सखूबाई डेबूला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे ते गाव. डेबू मामाच्या घरी वाढला. शाळा नाही. गोठा झाडायचा, गुरं राखायची, नांगर धरायचा. नदीत पोहण्यात पटाईत, कामाला वाघ, रात्री भजनात पुढे. पोरकेपणामुळे तो बिचारा वगैरे झाला नाही. गावातला सगळ्यात कष्टाळू पोरगा म्हणून त्याचं नाव झालं. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं आणि डेबूजी चांगले शेतकरी म्हणून स्थिर झाले.

इथे सावकाराचा प्रसंग येतो. मामा चंद्रभानजी एका सावकाराच्या कर्जात अडकले. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, आणि जमीन हातची गेली. मामांनी हाय खाल्ली आणि त्यातच ते गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला माणसं घेऊन आला तेव्हा डेबूजी एकटे आडवे उभे राहिले, हटले नाहीत. गावात त्यांचा दरारा वाढला. पण मला वाटतं या प्रसंगात त्यांना तीन गोष्टी एकत्र दिसल्या असाव्यात : दारू, कर्ज आणि निरक्षरता. पुढे त्यांच्या कीर्तनात या तिन्ही गोष्टी कधीच सुट्या सुट्या आल्या नाहीत. दारू पिणारा कर्ज काढतो, कर्ज काढणारा पोराला शाळेतून काढून कामाला लावतो, आणि न शिकलेला पोरगा पुन्हा त्याच रीतीत अडकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एक क्लोज्ड लूप आहे. कुठेतरी तो तोडल्याशिवाय थांबत नाही.

तो त्यांनी कुठे तोडला? भाषण देऊन नाही, आंदोलन करून नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या बारशाला.

पहिल्या मुलीचं बारसं होतं. जातभाई, सोयरे, गावकरी जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी दोन्ही ठेवलं नाही, गोडाचं जेवण केलं. आज वाचताना आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण विचार करा. वीस-बावीस वर्षांचा माणूस, मामाच्या गावात आश्रयाला राहिलेला, सगळी जात पंगतीला बसलेली आणि ती सगळी माणसं त्याच्यापेक्षा वयाने मोठी. कुरकुर झाली, रुसवेफुगवे झाले, जातीबाहेर टाकण्याची भीतीही होती. डेबूजींनी कुणाचा अपमान केला नाही, कुणाला दारुडा म्हटलं नाही. फक्त आपल्या घरात, आपल्या पंगतीत, आपल्या हाताने दारू वाढली नाही. माणसं जेवून गेली. आभाळ काही कोसळलं नाही.

मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. कारण इथे पिणाऱ्याने काय करावं यापेक्षा वाढणाऱ्याने काय करावं याचं उत्तर आहे. आपण नेहमी म्हणतो, अमका बिघडला. पण कुठलाही मुलगा पहिला ग्लास स्वतः विकत घेत नाही. तो कुणीतरी त्याच्या हातात देतं. तो देणारा थांबला तर अर्धं काम तिथेच होतं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. घरात आई, बायको आणि लहान मुलं होती. हे वाचताना मन थोडं अडखळतं. बापाच्या दारूने पोरका झालेला माणूस स्वतःच्या मुलांना सोडून कसा गेला, हा प्रश्न मला पडला आणि त्याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर मला मिळालं नाही. सखूबाई आणि कुंताबाई यांनी मागे जे सोसलं त्याचं मोल कुठल्याही पुतळ्यावर लिहिलेलं नसतं. एवढं मात्र खरं, की पुढे लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतला एक पैसाही त्यांनी स्वतःच्या घरच्यांकडे वळवला नाही.

पुढची बारा वर्षं ते नुसते फिरत होते. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. त्या गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. हळूहळू त्यांची एक पद्धत ठरत गेली. गावात यायचं, कुणाला न सांगता रस्ता झाडायला लागायचं. लोक आधी हसायचे, मग चारदोन जण सोबत झाडायला यायचे. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ, आणि रात्री त्याच गावात कीर्तन.

त्यांचं कीर्तन हे कीर्तन कमी आणि प्रश्नोत्तरं जास्त. समोर हजारो माणसं बसलेली, आणि बाबा अस्सल वऱ्हाडीत त्यांना प्रश्न विचारायचे. साधे, अगदी लहान पोरालाही येतील असे. दारू पिणं चांगलं की वाईट? देव बकरं खातो का? कर्ज काढून सण करावा का? पोराला शाळेत घालायचं की नाही? उत्तर बाबा देत नसत, उत्तर समोरची गर्दी द्यायची, मोठ्याने, एका सुरात. मग बाबा पुढचा प्रश्न विचारायचे. मध्ये मध्ये सगळे मिळून टाळ्यांच्या ठेक्यावर देवाचं नाव घ्यायचे.

यातली युक्ती बघा. माणसाला एकट्याला गाठून दारू सोड म्हटलं तर तो मान डोलावतो आणि संध्याकाळी परत गुत्त्यावर जातो. पण त्याने भर गावासमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि स्वतःच्या बायकापोरांच्या देखत दारू वाईट असं ओरडून सांगितलेलं असलं, की दुसऱ्या दिवशी गुत्त्याकडे जाताना सगळं गाव त्याच्याकडे बघत असतं. आणि तिथे बसलेल्या आठदहा वर्षांच्या पोरांनीही तेच उत्तर ओरडून दिलेलं असतं. आपला बाप, आपला काका, आपला मास्तर सगळे एकच गोष्ट म्हणतायत हे त्यांनी ऐकलेलं असतं. ज्या रीतीने झिंगराजी गेले, त्या रीतीच्या जागी बाबा दुसरी रीत घालत होते. नुसती काढून टाकत नव्हते. पंगत राहिली, गर्दी राहिली, गाणं राहिलं, रात्रभराची मजा राहिली. फक्त त्यातली दारू गेली.

कीर्तन संपलं की बाबा थांबत नसत. लोक पाया पडायला यायच्या आत निघून जायचे. शिष्य केला नाही, मठ बांधला नाही. बांधलं ते लोकांच्या उपयोगाचं. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा, आणि मुंबईत मोठ्या हॉस्पिटलांजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी राहण्याची सोय. कॅन्सरसारख्या आजारासाठी खेड्यातून मुंबईला गेलेल्या कितीतरी घरांना आजही या धर्मशाळा माहीत आहेत. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या माणसाच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला कॉलेज काढलं. २००५ साली अमरावती विद्यापीठालाही त्यांचंच नाव मिळालं. ज्याने कधी शाळेची पायरी चढली नाही, त्याचं नाव आज हजारो डिग्री सर्टिफिकेटांवर छापलं जातं.

आपल्या शहराशीही त्यांचा एक धागा जोडलेला आहे. पंढरपूरला बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती, ज्यांना देवळातच काय, गावातल्या धर्मशाळेतही जागा नव्हती त्यांच्यासाठी. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. याच सोसायटीने पुढच्याच वर्षी, १९५० साली, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये कॉलेज सुरू केलं. तेच आपलं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं तिथे आली, हॉस्टेलमध्ये राहिली, शिकून बाहेर पडली. गाडगेबाबा आणि बाबासाहेब दोघेही १९५६ च्या डिसेंबरमध्ये गेले, बाबासाहेब ६ तारखेला आणि बाबा चौदा दिवसांनी, २० तारखेला. अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. मठ नाही, वारस नाही. आयुष्यभर फिरलेला माणूस शेवटीही रस्त्यावरच होता.

त्यांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात झालं. हे मला फार सूचक वाटतं. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा होता, १९४९ चा, आणि तो राबवायचं काम पोलिसांकडे होतं. पण कायदा एकटा काय करणार? चोरून दारू गाळणं चालूच होतं. अशा वेळी एक ऐंशी वर्षांचा म्हातारा पोलिसांसमोर उभा राहून पोरांना शिकवा, कर्ज काढू नका हे सांगत होता. कायदा आणि कीर्तन, दोन्ही लागतात.

आता थोडं आपल्याबद्दल.

तो १९४९ चा कायदा वेगवेगळे बदल होऊन आजही लागू आहे. संपूर्ण बंदी केव्हाच गेली, पण वयाची अट आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं आणि देशी-विदेशी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना लागतो. हा हिशोब जरा हॉस्टेलला लावून बघा. बारावी करून आलेला फर्स्ट इयरचा मुलगा अठराचा असतो आणि फायनल इयरचा एकवीस-बावीसचा. म्हणजे दारूच्या बाबतीत जवळजवळ अख्खं हॉस्टेल कायद्याने अल्पवयीन आहे, हे लिहिणारा वीस वर्षांचा मी धरून. आपण मतदान करू शकतो, गाडी चालवू शकतो, पण हे नाही. यावर बरेच जण हसतात. पण माणसाच्या मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ती अट अगदीच हवेतली नाही.

आणि आपलं शहर तर दारूच्या बाबतीत वेगळंच आहे. आपल्या एमआयडीसींमध्ये बिअर आणि दारूचे मोठमोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात टँकरने पाणी येत होतं आणि या कारखान्यांना पाणी चालू होतं, तेव्हा हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाला त्यांचं पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला होता. आपल्यापैकी काही जण उद्या त्याच कारखान्यांत नोकरीला लागतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मी म्हणत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण जिथे ती बनते, तिथे ती मुलांच्या हातात लवकर पोचणार नाही याची काळजी घेण्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त असते, एवढं नक्की.

ही जबाबदारी घेणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानाबद्दल गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. यात मला गाडगेबाबांचं कीर्तनच दिसतं. प्रश्न साधा आणि उत्तर गावाने द्यायचं. या मतदानाला रांगेत उभ्या राहणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात एखादा झिंगराजी असतो आणि त्यांना आपला डेबू वाचवायचा असतो.

हॉस्टेलमध्ये असं मतदान नाही. पण रीत मात्र आहे, अगदी १८८४ मधल्या शेंडगावसारखी. बर्थडेची ट्रीट, सबमिशन संपल्याची पार्टी, प्लेसमेंटची पार्टी, फेअरवेल. कॉलेज कुठलंही असो, हॉस्टेलला राहिलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. नवीन आलेला मुलगा कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला प्यायचं असतं म्हणून तो घेत नाही, आपण एकटे पडू या भीतीने घेतो. नाही म्हणणारा बायकी, नाही म्हणणारा घाबरट, नाही म्हणणारा गावठी. आणि देणारे सीनिअर काही वाईट नसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही कुणीतरी असाच दिलेला असतो. रेक्टर सर रूम चेक करतात, बाटली सापडली तर घरी फोन जातो, दंड होतो. ते व्हायलाच हवं. पण चेकिंग संपलं की रीत पुन्हा सुरू होते, कारण चेकिंगने बाटली जाते, रीत जात नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याला गाडगेबाबांसारखं घर सोडायची काही गरज नाही. त्यांचं बारसं तेवढं घ्यावं. ज्याचा बर्थडे असेल त्याने आपल्या ट्रीटमध्ये दारू ठेवू नये. क्रांती चौकात जाऊन पोटभर जेवावं, नाहीतर मेसच्या गच्चीवर गाणी म्हणावीत, पण पार्टी जोरात करावी. कुणी प्यायलाच बसला असेल तर त्याच्याशी भांडू नये, फक्त त्याच्यापुढे आपल्या हाताने ग्लास ठेवू नये. फायनल इयरवाल्यांनी फ्रेशर्सना एवढंच सांगावं की इथे नाही म्हटलेलं चालतं. आणि ज्याच्या घरी हा त्रास आधीपासून आहे, आणि असे आपल्यात आहेत, त्याच्यासमोर दारूवरचे विनोद जरा जपून करावेत.

या वर्षी फ्रेशर्स पार्टीची कमिटी बसेल तेव्हा हा मुद्दा मी मांडणार आहे. कोण कोण सोबत येणार, ते आत्ताच ठरवा.